भांड्यावरचं नाव घासू नका

गेल्या अंकात मी पुण्याच्या जुन्या बाजारावर लिहिलं होतं. मंगळवार पेठेत दर बुधवारी आणि रविवारी रस्त्याच्या कडेला भरणारा हा बाजार, तिथली पितळेची भांडी, घड्याळं, नाणी, कुलपं, सुट्टे नळ, बंद पडलेल्या छापखान्यांतले खिळे, म्हणजे छपाईच्या अक्षरांचे ठसे. त्यावर बरीच पत्रं आली. बहुतेकांचे प्रश्न दोनच: वस्तू खरी की खोटी, आणि केवढ्याला घ्यावी? दोन्हींची उत्तरं मला येतात तेवढी देते. पण माझा स्वतःचा जीव तिसऱ्याच प्रश्नात अडकलेला असतो, तो म्हणजे ही वस्तू कुणाच्या घरातून आली. तो प्रश्न एकाच वाचकाने विचारलाय, म्हणून त्याला जागा जास्त दिली आहे.

आम्ही नवरा-बायको, दहा वर्षांची मुलगी आणि सासूबाई असे पहिल्यांदाच रविवारी जुन्या बाजारात जाणार आहोत. किती वाजता जावं? सोबत काय न्यावं? मुलीला कंटाळा येईल का? आणि उघड्यावरचं खायचं की नाही, यावरून घरात वाद आहे.
— एक वाचक, चिंचवड

सकाळी दहाच्या सुमाराला पोहोचा. त्या वेळी अर्धे विक्रेते पोती सोडत असतात, आणि पोत्यातून वस्तू बाहेर येताना बघण्यात जी मजा आहे ती मांडलेल्या मालात नाही. बारानंतर ऊन आणि गर्दी दोन्ही वाढतात, सासूबाईंना त्रास होईल. गाडी आणू नका. पीसीएमसीहून मेट्रोने सिव्हिल कोर्टला या, तिथे गाडी बदलून मंगळवार पेठ स्थानकावर उतरा. पुढे तुम्ही चालत जा, सासूबाईंना रिक्षा करून द्या.

दोन जाड कापडी पिशव्या, सुट्टे पैसे, एक भिंग, एक छोटं लोहचुंबक आणि पाण्याच्या दोन बाटल्या घ्या. चुंबकाचं कारण सोपं आहे. पितळेला आणि तांब्याला चुंबक चिकटत नाही. चिकटलं, तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. समईचा दांडा, दिव्याचं बूड, जाडजूड वाटणाऱ्या मूर्ती यांना आवर्जून लावून बघा. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, मोबाइल हातात मिरवू नका. एवढी काळजी घेतली की झालं.

मुलीला कंटाळा येऊ नये म्हणून तिला काम द्या. तिच्या हातात ठरावीक पैसे ठेवा आणि सांगा, एकच वस्तू घ्यायची, पण ती कशासाठी वापरत होते हे विक्रेत्याला विचारून यायचं. अडकित्ता, शेवयाचा साचा, स्टोव्हची पिन, टाइपरायटरची रीळ, रेडिओचं लायसन्स. हे शेवटचं तिला नक्की दाखवा. एकेकाळी घरात रेडिओ ठेवायला पोस्टातून परवाना काढावा लागायचा आणि त्या पुस्तिकेत दर वर्षी फीची तिकिटं चिकटवायची असत. आताच्या मुलांना हे खोटं वाटतं. छापखान्याचे लाकडी खिळे मिळाले तर त्यांत तिच्या नावाची अक्षरं शोधता येतील. धातूचे खिळे मात्र तिच्या हाती देऊ नका. त्यांत शिसं असतं.

आता खाणं. खा, जरूर खा. बाजाराच्या आजूबाजूला चहाच्या टपऱ्या, भज्यांच्या आणि वडापावच्या गाड्या, उसाचा रस, तिखटमीठ लावलेले पेरू हे सगळं असतं, आणि दोन तास उन्हात वाकून भांडी उलटीपालटी केल्यावर गरम कांदाभजी जशी लागते तशी घरी कधीच लागत नाही. कढईतून तुमच्या डोळ्यांदेखत निघालेलं घ्या, ओल्या चटणीऐवजी लसणाची कोरडी चटणी मागा, रसात बर्फ नको म्हणून सांगा. पण माझा आग्रह दुसऱ्याच गोष्टीवर आहे. खाण्याआधी साबणाने हात धुवा. जुन्या तांब्या-पितळेवर जो हिरवट थर असतो तो कळंक. आपल्या आज्या पितळेच्या भांड्यात ताक कळकतं म्हणून ठेवू द्यायच्या नाहीत, ते याच कारणाने. तोच थर तुमच्या बोटांवर असतो, शिवाय गंज आणि शिशाची धूळ. लोक गाडीच्या तेलाला दोष देतात आणि काळ्या बोटांनी वडापाव धरतात. कागदी साबणाच्या पट्ट्या पर्समध्ये टाका, पाणी तुमच्याजवळ आहेच. सासूबाईंना बसायला टपरीजवळचं बाकडं बघून द्या आणि पहिला चहा त्यांना मिळू द्या.

जुन्या बाजारातून एक पितळेचं घंगाळ घेतलं. घरी आणून घासलं तेव्हा काठावर नाव दिसलं. एका मुलीला तिच्या मामाने लग्नात दिलेलं आहे, शके १८५२. माझ्या आईचं म्हणणं, दुसऱ्याच्या लग्नातलं भांडं घरात नको, निदान नाव तरी घासून टाक. मला ते घासवत नाही. काय करू?
— एक वाचक, सातारा

घासू नका. तुमच्या पत्रातलं ते वाक्य, ‘मला ते घासवत नाही’, वाचून बरं वाटलं.

आधी हिशेब करू. शके सालात ७८ मिळवले की इसवी सन येतं, म्हणजे हे लग्न १९३०-३१ सालचं. त्या काळात नाव घालायला विजेचं पेन नव्हतं. कासार बारीक छिन्नी आणि हातोडी घेऊन एकेक ठिपका ठोकत अक्षर काढायचा. भिंगातून बघा, अक्षरं रेघांची नसून ठिपक्यांच्या ओळींची दिसतील. वेलांटीच्या वळणावर ठिपके जवळजवळ आलेले असतील आणि शिरोरेघ थोडी वर-खाली झालेली असेल, कारण काठ गोल आणि हात माणसाचा. पुढे विजेच्या यंत्राने नावं घालायला लागले, ती अक्षरं एकसंध आणि उथळ, थरथरल्यासारखी असतात. तेवढ्यावरूनही भांड्याचा काळ साधारण ओळखता येतो.

अशा भांड्यांवर काय काय लिहिलेलं असतं ते मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे. चि. सौ. कां. अमुक हिस आत्याकडून. कै. तमुक यांचे स्मरणार्थ. तालीम संघाचं बक्षीस. एखाद्या तांब्यावर नुसती आद्याक्षरं आणि गावाचं नाव, कारण पंगतीला शेजारपाजारची भांडी आणायची आणि ती परत जाताना अदलाबदल व्हायला नको. आपल्याकडे सामान्य घरातल्या बाईचं नाव कुठे लिहिलं जायचं? सातबाऱ्यावर नाही, दाराच्या पाटीवर नाही. भांड्यावर लिहिलं जायचं. कित्येकींचं तेवढंच एक लिखित नाव जगात उरलं असेल. म्हणून ते घासून टाकू नये असं मी इतक्या पोटतिडकीने म्हणते.

तुमच्या आईंची शंका मी हलकी मानत नाही. त्यांना एवढंच सांगा, की जुन्या बाजारात आलेलं पितळ तिथे विकलं गेलं नाही तर भट्टीत जातं. स्टीलची भांडी घरोघरी आली, तेव्हापासून पितळ मोडीत निघतंय. गॅस आल्यावर स्टोव्ह गेले, गीझर आल्यावर बंब गेले, वाडे पडले तसे झोपाळ्यांच्या कड्या आणि दारांचे कडी-कोयंडे गेले. सगळं किलोवर. बाजारातला माणूस त्या ढिगातून एखादं भांडं बाजूला काढून मांडतो, ती त्या भांड्याची वितळण्याआधीची शेवटची संधी. तुम्ही त्या मुलीच्या मामाची भेट वाचवली आहे. यात अशुभ काय?

करायचं ते हे: नावाचा नीट फोटो काढा, बाजूने तिरपा उजेड टाकून, म्हणजे ठिपके उठून दिसतात. कुठून आणि कधी घेतलं, विक्रेत्याने कुठल्या गावचा माल म्हणून सांगितलं, हे चिठ्ठीवर लिहून घंगाळाच्या फोटोसोबत ठेवा. चिंच लावून हलक्या हाताने पुसा, नावाच्या भागावर रांगोळी किंवा काथ्या घासू नका.

एका प्रकारची भांडी मात्र घेऊ नका. समई, घंटा, पंचारती, प्रभावळ यांच्यावर एखाद्या देवाच्या ‘चरणी अर्पण’ असं कोरलेलं असेल आणि गावाचं किंवा देवस्थानाचं नाव असेल, तर ती वस्तू घरातली नव्हे, देवळातली आहे. देवळाने रीतसर विकली असेलही, पण चोरीची असण्याचा धोका मोठा. त्या नावाचा फोटो काढून त्या देवस्थानाला कळवलं तर फार चांगलं.

जाता जाता एक. घंगाळ पाण्यासाठी किंवा फुलांसाठी वापरा. बाजारातून आणलेल्या पातेल्यात किंवा तपेल्यात शिजवायचं असेल तर आधी कल्हई करून घ्या आणि कल्हईवाल्याला शुद्ध कथलाचीच कल्हई हवी असं बजावा. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने तो कथील फिरवतो, तेव्हा समोर उभं राहा. चांगली कल्हई चांदीसारखी उजळते आणि पुसलेल्या कापडावर काळं उतरत नाही. ज्या भांड्याला सोल्डर मारून ठिगळ लावलंय त्यात अन्न शिजवूच नका, जुन्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

रविवारी एका विक्रेत्याने ईस्ट इंडिया कंपनीचं १८१८ सालचं नाणं दाखवलं. एका बाजूला हनुमान, दुसऱ्या बाजूला कंपनीचं नाव. दुर्मीळ आहे म्हणत होता. शिवराईही होत्या. ओळखायचं कसं?
— एक वाचक, बारामती

ते १८१८ चं नाणं घेऊ नका, कुठल्याही भावाला. हनुमान, रामदरबार, कमळ, ओम असं काहीही असलेली आणि १८१८ साल घातलेली ती ‘नाणी’ कंपनीने कधी पाडलीच नाहीत. नंतरच्या काळात कुणीतरी बनवलेले ते बिल्ले आहेत. कंपनीने तिच्या सगळ्या मुलखासाठी एकसारखी नाणी काढली ती १८३५ पासून, आणि त्यांतल्या रुपयांवर राजाचा, पुढे राणीचा मुखवटा आहे. ‘हे नाणं तांदूळ ओढतं’ असं सांगणारा भेटला तर पुढे चालू लागा.

शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’. ती हाताने, हातोड्याच्या घावाखाली पाडायचे आणि ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा. म्हणून खऱ्या शिवराईवर सगळी अक्षरं क्वचितच मावतात. कडेची अक्षरं कापलेली, चकती थोडी वेडीवाकडी, अक्षर उठलेलं आणि धारदार. ओतीव नकलेवर अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत असतात, पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं दिसतात आणि कडेला साच्याचा जोड बोटाला लागतो. सगळी अक्षरं पूर्ण, मधोमध आणि सुबक असलेली शिवराई ढिगाने मिळत असेल तर तुम्हीच विचार करा. पेशवाईत आणि नंतरही शिवराया पाडल्या जात होत्या, त्यामुळे प्रत्येक शिवराई महाराजांच्या हयातीतली नसते. ती खरीच असते, फक्त काळ वेगळा.

चांदीच्या रुपयासाठी छोटा वजनकाटा लागतो. व्हिक्टोरिया राणीपासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात साधारण ९२ टक्के चांदी. १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली. १९४७ चा वाघाचा रुपया निकेलचा, तो चुंबकाला चिकटतो, म्हणून त्याला खोटा ठरवू नका. मुलांना दाखवायला १९११ चा रुपया छान. त्यावर पंचम जॉर्जच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती इतका आखूड सोंडेचा निघाला की लोकांना तो डुक्कर वाटला आणि पुढच्या वर्षी चित्र बदलावं लागलं. हत्ती शोधायला भिंग लागेल.

नाणी कधीही घासू नका. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, काहीच नको. घासलेल्या नाण्याची संग्राहकाच्या लेखी किंमत उतरते, आणि ती परत चढत नाही.

कुणी ‘शेतात हंडा सापडला’ म्हणून माल दाखवला तर अजिबात गुंतू नका. १८७८ चा निखात निधीचा कायदा अजून लागू आहे. जमिनीत सापडलेलं धन दहा रुपयांहून जास्त किमतीचं असेल तर ते जिल्हाधिकाऱ्यांना कळवावंच लागतं. खोट्या मालाला खपवण्यासाठीही हीच गोष्ट सांगतात.

भाव किती पाडावा? मैत्रीण म्हणते, सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यापासून सुरुवात करायची. मला लाज वाटते.
— एक वाचक, कोथरूड

निम्मा, पाव असलं गणित मी मानत नाही. धातूच्या वस्तूला एक तळ असतो: मोडीचा भाव. त्या दिवशी पितळेची मोड काय किलोने चाललीय ते आदल्या दिवशी भांड्यांच्या दुकानात विचारून ठेवा. त्याखाली विक्रेता देणार नाही आणि तुम्ही मागूही नये, कारण त्यापेक्षा भंगारवाला त्याला जास्त देईल. त्याच्या वर जो फरक आहे तो त्याच्या नजरेचा आणि मेहनतीचा मोबदला. ढिगातून हे बाजूला काढलं कुणी? पोत्यातून वाहून आणलं कुणी? उन्हात बसलंय कोण?

मी एकदाच विचारते, एकदाच माझा आकडा सांगते. पटलं तर घेते, नाहीतर राम राम करून पुढे जाते. सकाळी भवानीच्या, म्हणजे पहिल्या विक्रीच्या वेळी घ्यायचं नसताना भाव विचारत फिरू नये, त्यांना ते लागतं. आणि एखादी वस्तू तो फारच स्वस्तात देतोय आणि तुम्हाला तिची किंमत ठाऊक आहे, असं झालं तर सांगून टाका. पुढच्या खेपेला तोच माणूस तुमच्यासाठी वस्तू बाजूला ठेवील. माझ्याकडच्या चांगल्या वस्तू अशाच आल्या.

वडिलांचं एचएमटी जनता हरवलं. तसंच घ्यायचं आहे. बाजारात लाल, हिरव्या, भगव्या डायलचीही दिसतात.
— एक वाचक, नाशिक

रंगीबेरंगी डायलची सोडून द्या. एचएमटीने बंगळुरूला घड्याळांचा कारखाना १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने काढला आणि घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. बंदची बातमी आली तशी मागणी वाढली, आणि जुन्या यंत्रावर नव्याने रंगवलेल्या डायली बसवायचा धंदा जोरात सुरू झाला. यंत्र खरं असतं, तोंडवळा खोटा.

माझ्या वडिलांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. ते पहिल्यांदा डायलच्या तळाशी, सहाच्या आकड्याखाली भिंग धरायचे. तिथली बारीक अक्षरं कंपनीच्या छपाईत केसासारखी स्वच्छ असतात. रंगवलेल्या डायलवर ती फुगलेली, फाटलेली किंवा काटकोनातून सरकलेली दिसतात, कधी नसतातच. मग ते चावी देऊन घड्याळ कानाला लावायचे, आधी डायल वर, मग डायल खाली, मग चावी वरच्या बाजूला. तिन्ही वेळा टिकटिक एकसारखी आली तर ठीक. एका बाजूला लंगडली, तर आत काम आहे. चावी फिरवताना खरखर लागता कामा नये आणि शेवटाला ती हळूच अडली पाहिजे. जनता हे चावीचं घड्याळ आहे, ‘हलवून चालतं’ असं सांगणाऱ्याचं यंत्र बदललेलं आहे. घेतल्यावर लगेच रोज वापरायला काढू नका. वर्षानुवर्षं पडून तेल वाळलेलं असतं, आधी सर्व्हिसिंग करा. वडिलांच्या जनताचा फोटो असेल तर तो बरोबर न्या. काटे आणि आकडे यांचे बरेच नमुने होते, आठवणीवर विसंबू नका.

ग्रामोफोन आणि जुना रेडिओ, दोन्ही दिवाणखान्यात ठेवायचे आहेत. चालू हवेत.
— एक वाचक, कोल्हापूर

झळझळीत पितळी कर्ण्याचा, नव्या पॉलिशच्या लाकडी पेटीवरचा, कुत्र्याचं चित्र डकवलेला ग्रामोफोन बहुधा आताचाच बनवलेला असतो. शोभेला ठेवा हवा तर, पण जुना म्हणून पैसे मोजू नका. खरा आणि परवडणारा हवा असेल तर सुटकेससारखा बंद होणारा पोर्टेबल शोधा. त्याचा कर्णा आत दडलेला असतो, म्हणून लोक त्याच्याकडे बघत नाहीत. चावी पूर्ण देऊन तबकडी फिरती ठेवा आणि स्प्रिंग धडधडते का ते ऐका.

त्यावर ७८ गतीच्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेऱ्या घेणाऱ्या तबकड्याच लावायच्या. त्या लाखेच्या असतात, पडल्या की फुटतात, आणि स्पिरिटने पुसल्या तर लाख विरघळून गाणं कायमचं जातं. पोलादी सुई एका बाजूला एक. सुई जुनी वापरली तर ती तबकडी खाते. एलपी, म्हणजे नंतरच्या काळातल्या विनाइलच्या तबकड्या, चुकूनही लावू नका.

वाल्व्हचा रेडिओ घरी आणल्या आणल्या प्लगला लावू नका, हे मी हात जोडून सांगते. आतले कपॅसिटर इतक्या वर्षांत निकामी झालेले असतात, आणि काही मॉडेलांत आतल्या पत्र्यालाच थेट वीज असते. जुन्या माहीतगार मेकॅनिककडे न्या. तो सिरीजमध्ये बल्ब लावून पहिल्यांदा वीज देईल.

मोडी लिपीतल्या कागदांचा गठ्ठा मिळाला, पाचेकशे पानं असतील. काही फ्रेम करून मित्रांना द्यावीत असं मनात आहे.
— एक वाचक, पुणे

फ्रेम करू नका, वाटू नका. गठ्ठा जसा बांधलेला आहे तसाच ठेवा. कुठला कागद कुठल्या कागदाशेजारी होता, हीसुद्धा माहिती असते. गठ्ठा फुटला की एका घराण्याचा हिशेब पन्नास दिवाणखान्यांत विखुरतो आणि कुणालाच वाचता येत नाही. लॅमिनेशन नको, सेलोटेप नको, इस्त्री तर नकोच.

त्यात बहुतेक कर्जरोखे, गहाणखतं, वाटणीपत्रं आणि किराण्याच्या याद्या निघतील. निराश होऊ नका. एखाद्या गावात त्या वर्षी ज्वारीचा भाव काय होता, विहिरीवर हक्क कुणाचा होता, हे बखरी सांगत नाहीत, असे कागद सांगतात. इतिहासाचार्य राजवाडे अशाच दप्तरांसाठी गावोगाव हिंडले आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं. मंडळ सदाशिव पेठेत आहे, तुम्ही पुण्यातच राहता. पहिल्या दहा पानांचे फोटो काढून तिथे दाखवायला न्या. ७५ वर्षांहून जुनं आणि ऐतिहासिक किंवा वाङ्मयीन मोलाचं हस्तलिखित कायद्याने पुरावस्तू ठरू शकतं, तेव्हा गठ्ठा विकायचा किंवा परदेशी पाठवायचा विचार असेल तर आधी तिथेच सल्ला घ्या. गठ्ठा देऊन टाकायची इच्छा झाली तर उत्तमच, पण निदान वाचून तरी घ्या. तुम्ही पत्रात बाजारातल्या विक्रेत्याचं वर्णन केलंय, त्यावरून तो तुमच्या ओळखीचा दिसतो. हा गठ्ठा कुठल्या वाड्यातून आला, हे पुढच्या रविवारी त्याला विचारा. दोन महिन्यांनी त्यालाही आठवणार नाही.

डिसेंबरात पुण्याला येणार आहे. आजोळचा तांब्याचा बंब आणि बाजारातून दोन-तीन शिवराया, एखादा अडकित्ता अमेरिकेला न्यायचा आहे. चालेल?
— एक वाचक, न्यू जर्सी

शिवराया नाही. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं, मूर्ती, चित्र, कलाकुसरीची वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. विकत घेतलेली असो वा आजोबांनी दिलेली, नियम तोच. शिवराई घ्याच, पण ती इथे घरच्यांकडे ठेवा.

बंबाचं वय आधी ठरवा. आजोळी विचारा, कुणाच्या लग्नात घेतला, कुठल्या घरात राहायला गेल्यावर घेतला. पुण्यातल्या तांबट आळीत घडवलेला असेल तर अंगावर मठारकामाच्या, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांच्या खुणा एकसारख्या ओळीत दिसतील, तिथले कारागीर घडण बघून काळाचा अंदाज देतात. पन्नास-साठच्या दशकातला निघाला तर कायद्याची अडचण नाही. तरी कस्टमवाल्यांना शंका येऊ शकते, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘ही पुरावस्तू नाही’ असं प्रमाणपत्र आधीच काढून ठेवा. त्याला वेळ लागतो, डिसेंबरात येऊन अर्ज केलात तर परतीच्या तारखेआधी हातात पडेलच असं नाही. घरच्यांना आत्ताच विचारायला सांगा. बंबाच्या मधल्या नळीतली काजळी आणि राख पूर्ण काढा, माती-राख अडकलेलं सामान तिकडच्या तपासणीत अडतं. तोटीवर नाव असेल तर फोटो मला पाठवा.

अडकित्ता शंभर वर्षांच्या आतला असेल तर न्या. चेक-इन सामानात, पात्याला जाड कापड गुंडाळून. हातातल्या बॅगेत ठेवलात तर विमानतळावर काढून घेतील.